भिंतीपलीकडून ‘आलं का?’

जाहीर निवेदन.

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, बंगळूरच्या यशवंतपूर येथील जुळ्या घरांपैकी पूर्वेकडील घरातून पश्चिमेकडील घरास होणारा गाण्यांचा पुरवठा, संचालकांच्या आकस्मिक प्रस्थानामुळे, पुढील सूचना मिळेपर्यंत बंद राहील. संचालकांनी कार्यभार कोणाकडेही सोपवलेला नाही. भिंतीवरून ओरडून केलेल्या तक्रारींची दखल घेतली जाणार नाही, कारण दखल घेणारा इसम जागेवर नाही.

कसं वाटलं, अण्णा? तुम्हाला आवडलं असतं. एखादा शब्द तुम्ही बदलला असता. ‘इसम’ खोडून ‘अधिकारी’ केलं असतं. सरकारी कारखान्यात इतकी वर्षं काढली तुम्ही, नोटीस लावल्याशिवाय तुमचा नळसुद्धा दुरुस्त व्हायचा नाही. टाकी धुवायची असली तरी आदल्या दिवशी भिंतीवरून घोषणा: “जावई! उद्या सकाळी पाणीपुरवठा खंडित राहील, सहकार्य करावे!” आणि टाकी तुमची, पाणी तुमचं, आमचा काडीचा संबंध नाही.

आज संध्याकाळी सवयीनं मी आमचं संगणकाचं यंत्र सुरू केलं. पडद्यावर जोडलेल्या यंत्रांची चित्रं येतात ना, तिथं आमचं एकटंच होतं. तुमच्या यंत्राचं चित्र शोधून ते बिचारं दमलं आणि म्हणालं, सापडत नाही, तार तपासा. हे वाक्य आपण दोघांनी किती वेळा वाचलंय! दर वेळी तुम्ही पलीकडून हात झटकायचात, “आमच्या बाजूनं सगळं ठीक आहे, तुमच्या बाजूचं बघा.” आज ते वाक्य वाचलं आणि पहिल्यांदाच उठून तार तपासावीशी वाटली नाही.

अण्णा, मी पुण्याहून इथं आलो तेव्हा तुमच्याशी धड ओळखही नव्हती. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात मला व्यवस्थापकाची नोकरी लागली, आणि राहायला घर तयारच होतं. तुमच्या बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एकाच जागेवर दोन घरं शेजारी शेजारी बांधली होती. एक मुलासाठी, एक मुलीसाठी. मधे छातीइतकी भिंत. तुम्ही लग्न केलं नाहीत, पूर्वेकडच्या घरात एकटे राहायचात. आम्ही पश्चिमेकडे सामान उतरवत होतो आणि तुम्ही भिंतीवर कोपर टेकून माझ्याकडे बघत होतात. पहिलं वाक्य काय बोललात, आठवतंय? “पुण्याचे का? बरं. आमचे पूर्वज इकडे यायला निघाले तेव्हा तुमचं पुणं खेडं होतं.”

एवढं बोलून तुम्ही आत गेलात. शेजारी उभ्या असलेल्या तुमच्या सख्ख्या बहिणीशी, माझ्या सुमीशी, अक्षर बोलला नाहीत. आणि तीही तुमच्याशी बोलली नाही. तिनं पुण्यातच मला अट घातली होती: “बंगळूरला येईन, त्या घरात राहीन, पण अण्णाशी बोलणार नाही.”

कारण होतं पेटी. बाबांची हार्मोनियम. बाबा गेले, दिवस झाले, सुमी सकाळी उठून बघते तो कपाटावरची पेटी गायब. तुम्ही ती भजनी मंडळाला देऊन टाकली होती. ती म्हणाली, “मला विचारलं का नाहीस?” तुम्ही म्हणालात, “पेटी वाजायला पाहिजे, कपाटावर बसायला नाही.” तिनं त्याच दिवशी पुण्याची गाडी पकडली. पेटी तिला वाजवता येत नव्हती, तुम्हालाही नव्हती. म्हणूनच बहुधा भांडण इतकं कडक झालं.

मग सुरू झाली माझी नोकरी. पीण्यातली नव्हे, भिंतीवरची. परसात मी मधे उभा, एका हाताला सुमी, भिंतीपलीकडे तुम्ही. तिघांच्या मधे हवेखेरीज काही नाही.

“अहो, त्यांना विचारा, कोथिंबीर हवी का. जास्त आलीय.”

“जावई, तिला सांगा, पाहिजे की. स्वल्पच द्या म्हणावं, एकट्याला किती लागते.”

“त्यांना सांगा, स्वल्प म्हणजे किती ते नीट सांगावं. मागच्या वेळी अर्धी जुडी वाया घालवली.”

“तिला सांगा, वाया नाही घातली, चटणी केली.”

आणि मी, एका नामांकित नसलेल्या कारखान्याचा व्यवस्थापक, दोन हात पसरून हे निरोप एका कानातून दुसऱ्या कानात पोचवत असे. मूळ आवाज दोघांनाही स्वच्छ ऐकू येत होता हे कुणी मान्य करत नव्हतं.

तुम्ही लवकर निवृत्ती घेतलीत आणि एसपी रोडच्या विजेच्या सामानाच्या बाजारातून सुटे भाग आणून संगणक जोडून घेतलात. त्यात गाणी भरायचा नाद लागला. जुन्या कॅसेटी, तबकड्या, आकाशवाणीवरचं काहीबाही, सगळं तुम्ही त्या पेटाऱ्यात कोंबत होतात. मग एक दिवस म्हणालात, “जावई, तुमच्या कारखान्यात एक जुना संगणक टाकून दिलाय म्हणता ना? आणा घरी. मधे तार टाकू. इकडचं गाणं तिकडं वाजेल.”

मी म्हटलं, “कशाला?”

“तुम्हाला ऐकायला.”

आता अण्णा, मला गाणं आणि कारखान्याचा भोंगा यातला फरक फक्त लांबीवरून कळतो, हे तुम्हाला पहिल्या आठवड्यात समजलं होतं. तुमच्या घरी गाणं चालू असताना मी मधेच सिमेंटच्या भावाबद्दल विचारलं होतं. तरी तुम्ही इतक्या निरागस चेहऱ्यानं ‘तुम्हाला ऐकायला’ म्हणालात की मी हो म्हटलं. आमचं यंत्र कुठं ठेवायचं हेही तुम्हीच ठरवलंत. बाहेरच्या खोलीत, पण स्वयंपाकघराच्या दाराला लागून. “तिथं हवा चांगली खेळते,” तुम्ही म्हणालात. तुम्हाला आमच्या घरातली हवा कशी माहीत, तुम्ही तर आत कधी आलाच नव्हतात, हे मी विचारलं नाही. तुमची इतकी छान चाललेली लबाडी कोण मोडेल?

आणि मग, अहाहा, ती तार! काय ते आपले दिवस होते! लोकांना वाटतं, संगणकाला संगणक जोडला की काम संपलं. आपलं तिथून सुरू झालं.

पहिली तार तुम्ही केबल टीव्हीवाल्यानं गच्चीवर सोडून दिलेल्या वेटोळ्यातून कापलीत. “काळी ती तार, तीही तार. फरक काय?” फरक असा की गाणं सुरू व्हायचं, दोन ओळी छान यायच्या आणि गायिकेला कुणीतरी मागून ओढून नेल्यासारखा आवाज अडकायचा. तुम्ही पलीकडून, “आलं का?” मी अलीकडून, “आलं! ... गेलं!” “आता?” “आलं! नाही, गेलं!” समोरच्या घरातल्या आजींना वाटलं, आपल्याकडे वीज येतेय-जातेय. त्या दर ‘गेलं’ला मेणबत्ती शोधायला आत जायच्या. शेवटी एसपी रोडला जाऊन विचारलं तेव्हा कळलं, टीव्हीची तार आणि संगणकाची तार दिसायला बहिणी असल्या तरी जात वेगळी. तुम्ही परत येताना स्कूटरवर मागे बसून पूर्ण वाटभर म्हणत होतात, “दुकानदारांचं संगनमत आहे.”

नवी तार टाकली तर नवा घोळ. आमचं यंत्र सुरू झालं की म्हणे, या नावाचं यंत्र जाळ्यात आधीच आहे, मी बसणार नाही. बघतो तर तुम्ही दोन्ही यंत्रांना एकच नाव देऊन ठेवलं होतं: ‘बाबा’. मी म्हटलं, “अण्णा, एका घरात दोन बाबा कसे चालतील?” तुम्ही दोन्ही घरांकडं आळीपाळीनं बघितलंत. मग म्हणालात, “घरं दोन आहेत की. पण बाबा एकच होते, खरं आहे. तुमच्याकडच्याचं नाव बदला.” “काय ठेवू?” “काहीही ठेवा. ‘सुमी’ ठेवा. लहान आहे, सोपं आहे.” इतक्या सहज! जणू दुकानातून मीठ आणायला सांगताय.

सुमी आत भाजी चिरत होती. विळीचा आवाज थांबला. पुन्हा सुरू झाला. मला म्हणाली, “तुमचं ते यंत्र झालं का? मधे मधे पाय लागतो.” ‘तुमचं ते.’ गाणं वाजायचं तेव्हा ती कधी लावायची नाही, कधी बंदही करायची नाही. पण बंद पडलं की आतून आवाज यायचा, “तुमचं ते बंद पडलंय वाटतं.” मी भिंतीशी जाऊन ओरडायचो. तुम्ही जेवणाच्या ताटावरून उठून यायचात. एवढी धावपळ मी सिमेंटच्या भावासाठी केली असती तर तुम्ही उठला असतात का, अण्णा?

आता आपला तो वाद. तुमचा माझा. तो काही सुटला नाही आणि तुम्ही निघून गेलात, हे मला अजिबात पटलेलं नाही. त्या तारेच्या दोन्ही टोकांना, यंत्राच्या मागं, एक एक छोटं धातूचं टोपण असायचं. बोटाच्या पेरापेक्षा लहान. त्यातून पुढं काहीच जात नाही, मागं काहीच येत नाही. दुकानदार म्हणाला होता, टोक उघडं राहिलं तर आवाज टोकाला आपटून परत येतो आणि पुढच्या आवाजात मिसळतो, मग कुणाचंच कुणाला कळत नाही. मी ते मानलं. तुम्ही मानलं नाहीत. “ज्याला काही जोडलेलं नाही, ते काय काम करणार? दिखाऊ वस्तू आहे. अधिकाऱ्याच्या टेबलावरची घंटी.” मी म्हणायचो, काढून बघू या. तुम्ही म्हणायचात, “चालू गाडीचं चाक कशाला काढायचं?” म्हणजे चाक आहे हे मान्य! इथं तुम्ही अडकायचात आणि चहा मागायचात.

मग आली आयुधपूजा. आमच्या पुण्याकडची खंडेनवमी, पण तुमच्या बंगळूरची ऐट निराळी. पीण्यात त्या दिवशी लेथला हार, ड्रिलला गंध, टेम्पोला केळीचे खुंट, दारादारात फुटलेले कोहळे. आदल्या आठवड्यात तुम्ही मला बाजूला घेतलंत. इतकं हळू बोललात की मला भिंतीवर वाकावं लागलं. बाबांच्या एका साहेबाकडे जुन्या काळी फितीचं यंत्र होतं, त्यावर एकदा घरी येऊन त्यानं बाबांची पेटी रेकॉर्ड केली होती. ती फीत तुमच्याकडे होती. तुम्ही कुठून कुठून मदत घेऊन ती संगणकात उतरवली होती.

“आयुधपूजेला लावतो,” तुम्ही म्हणालात. “बाबांचा दिवस तो. ती स्वयंपाकघरात असेल तेव्हा. तुम्ही फक्त तुमच्याकडचं चालू करा. तिला काही सांगू नका.”

“सरळ बोलवा की तिला तुमच्याकडे.”

“येईल का?”

तुम्हीच मान हलवलीत. “तार बरी. तार काही विचारत नाही.”

मला माहीत होतं, हे जर फसलं तर तुम्ही पुन्हा धीर करणार नाही. आणि सुमीला नंतर कळलं की फीत इतकी वर्षं तुमच्याकडे होती, तर ती भिंत आणखी दोन विटांनी वाढवेल.

त्या दिवशी दुपारी कारखान्यातली पूजा उरकून बुंदी-चुरमुऱ्यांची पाकिटं घेऊन मी घरी आलो. सुमी पुरण वाटत होती. मी सहज केल्यासारखं यंत्र चालू केलं आणि शिट्टी वाजवत परसात गेलो. भिंतीपलीकडे तुम्ही. कपाळाला गंध, नवा शर्ट, हात पाठीमागे, चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा.

“लावलं,” तुम्ही ओठांनीच म्हणालात. “आलं का?”

आत शांतता.

मी आत जाऊन बघितलं. पडद्यावर ते वाक्य: सापडत नाही, तार तपासा.

बाहेर आलो. “नाही.”

तुमचा चेहरा असा उतरला, अण्णा, की मला कुठं बघावं कळेना. मग आपण कामाला लागलो. मी यंत्र बंद करून लावलं, तुम्ही बंद करून लावलंत. मी तार हातानं चाचपत गच्चीपर्यंत गेलो, उंदरानं कुरतडलीय का बघितलं, खारीनं बसायला जागा केलीय का बघितलं. नावं बघितली. मागची जोडणी घट्ट केली. “आता आलं का?” “नाही!” “आता?” “नाही हो!” तुम्ही नेहमीचं वाक्य, आमच्या बाजूनं सगळं ठीक आहे, एकदाही म्हणाला नाहीत. त्यावरून कळलं प्रकरण किती गंभीर आहे.

आणि सुमी बाहेर आली. हाताला पुरण, हातात डाव. मला वाटलं, मला म्हणेल, तुमचं ते बंद पडलंय. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. सरळ भिंतीशी गेली.

“अण्णा, टोपण कुठंय?”

मला वाटलं, माझ्या कानांचाच काही बिघाड झालाय. तुम्हालाही तसंच वाटलं असणार, कारण तुम्ही मागं वळून बघितलंत, दुसरा कुणी अण्णा उभा आहे का.

“कसलं टोपण?” तुम्ही म्हणालात. आवाज अगदी बारीक.

“ते तारेच्या टोकाचं. पिवळं, चकचकीत. तुझ्या यंत्राच्या मागचं. काल चिंचेनं घासलंस ना? आणि देवापुढं ठेवलंस ना?”

तुमचे चिंचेनं काळवंडलेले हात पाठीमागून पुढं आले. तेवढं पुरे होतं.

सुमी माझ्याकडे वळली, अशी की इतकी वर्षं रोज दोघांच्या मधे उभा असलेला मी आज पहिल्यांदा दिसतोय. “लहानपणी बाबांची हत्यारं पूजेला लागायची. हा घासायचा, मी पुसायची. आणि हा घासायला लागला की याला थांबता यायचं नाही. दाराची कडी घासली, सायकलची घंटी काढून घासली. एका वर्षी स्टोव्हचा बर्नर घासून पूजेत मांडला यानं! पूजेतलं दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नाही. सगळं घर चहाविना. बाबांनी आम्हाला कॉफी प्यायला हॉटेलात नेलं.”

“घासण्यासारखं होतं ते,” तुम्ही म्हणालात. “आणि टोपणाचं काही काम नसतं. दिखाऊ असतं. मी जावयांना सांगितलंय.”

“काम नसतं? मग तासभर दोघं कशाला ओरडताय?”

“कुंकवाचं बोट लागलं असेल यंत्राला. त्यामुळं असेल.”

“जा, आण ते टोपण.”

“नाही गं आणता यायचं. पूजेला बसलंय. उद्या उत्तरपूजा झाली की.”

“अण्णा!”

“बाबा असते तर हलवलं असतं का?”

अण्णा, त्या क्षणी मी बुंदीचं पाकीट फोडलं. असं नाटक फुकट बघायला मिळत नाही. सुमी डाव हातात घेऊन विचार करत उभी राहिली. “होतं काय त्यात? काय ऐकवत होतास मला?” तिनं ‘यांना’ म्हटलं नाही. ‘मला’ म्हणाली. म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि तुम्ही पण बिचकला नाहीत. “बाबांची पेटी,” तुम्ही म्हणालात. “फीत होती ना, साहेबांची. ती.”

सुमीनं डाव माझ्या हातात दिला. “पुरण बघा.” पदराला हात पुसले. “तार कशाला लागते? मी येते.”

आणि ती फाटकातून बाहेर जाऊन तुमच्या फाटकातून आत गेली. बस. आपण किती तार आणली, किती कापली, किती वेळा स्कूटरवरून एसपी रोडला गेलो, आणि रस्ता हा असा फाटकातून होता.

पुरण मी बघितलं नाही. मीही मागून आलो. तुम्ही दोघं तुमच्या यंत्रासमोर जमिनीवर बसला होतात. देवापुढं पकड, टेस्टर, सोल्डरिंगची कांडी, आणि त्यांच्या मधे सगळ्यांत लखलखीत ते टोपण, कुंकवाचा टिळा लावलेलं. तुम्ही बटण दाबलंत. आधी खरखर. मग एका लहान मुलाचा गंभीर आवाज: “आता बाबा पेटी वाजवतील. सर्वांनी शांत बसावं. सुमे, तू पण.” सुमी खुदकन हसली, आणि फितीतली सुमी तिच्यासोबतच हसली. मग बाबांचा खोकला. मग पेटी. मला गाणं कळत नाही, अण्णा, पण त्या दिवशी मधे सिमेंटचा भाव विचारावासा वाटला नाही.

संपलं. मला वाटलं, आता रडतील दोघं. मी तयारीत होतो. सुमी म्हणाली, “दुसऱ्या ओळीत चुकले बाबा.”

“चुकले नाहीत. पेटीचा एक सूर अडकायचा.”

“अडकायचा नाही.”

“अडकायचा. मधला.”

“नाही अडकायचा! पेटी असती तर दाखवला असता. पण पेटी आहे कुठं? दिलीस ना वाटून!”

“वाटून नाही, मंडळाला दिली. वाजतेय तिथं!”

“मला विचारलंस?”

इतक्या वर्षांपूर्वी जिथं थांबलं होतं, बरोबर तिथून सुरू! त्याच वाक्यापासून! मी आनंदानं बेभान झालो. घरी पुरण करपलं, कुणाला पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही टोपण बसवलंत, गाणं आलं, आणि तुम्ही भिंतीवरून जाहीर केलंत, “देवापुढं ठेवल्यामुळं त्याला ताकद आली!” म्हणजे काम करतं हे शेवटपर्यंत मान्य केलं नाहीत. तिथून पुढं माझी निरोपाची नोकरी गेली. तुम्ही दोघं रोज संध्याकाळी भिंतीशी उभे राहून पेटीवरून भांडायचात, आणि मी खुर्ची टाकून ऐकायचो. तुमचा मुद्दा: वाद्य वाजणाऱ्याचं. तिचा मुद्दा: विचारायला जीभ लागते. तुम्ही: तू झोपली होतीस. ती: झोपलेल्याला हाक मारता येते. मधेच तुम्ही कोथिंबीर मागायचात, ती द्यायची, आणि भांडण पुढं. दोघांनाही ते संपवायची मुळीच घाई नव्हती. तुम्हाला दोन हजार साल बघायचं होतं. सगळे म्हणतात ना, तारीख बदलली की जगातले संगणक बंद पडणार. तुम्ही म्हणायचात, “तेही दुकानदारांचं संगनमत आहे, बघा तुम्ही.” बघू म्हटलं होतं. आता मला एकट्याला बघावं लागणार, आणि तुमचं बरोबर ठरलं तर ते कुणाला कबूल करू?

शेवटच्या संध्याकाळी सुमी भिंतीशी आली ती गालात हसत. “अण्णा, आज मुद्दा सुचलाय. तुझं तोंड बंद होईल असा.”

“सांग की.”

“आत्ता नाही. पोळ्या व्हायच्यात. उद्या सांगते.”

“सरी, ठीक आहे, उद्या,” तुम्ही म्हणालात. “मी पण एक ठेवलाय राखून.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचं दार उघडलं नाही.

पुढचं मी लिहीत नाही. इतरांनी पुरेसं लिहिलंय, पुरेसं बोललेत. मला फक्त ते दोन मुद्दे छळतात. तुमचा काय होता? इतके दिवस कुठं दडवला होतात? सुमीचाही मला माहीत नाही. परवा विचारलं. “मला तरी सांग.” ती म्हणाली, “तुम्हाला सांगून काय उपयोग? तुम्हाला कुठं त्याच्यासारखं उलटं बोलता येतं?” खरं आहे. मी फार तर निरोप पोचवू शकतो. आणि कधी नव्हे ते मला निरोप पोचवायचाय, अण्णा. दोन्ही बाजूंचे. फुकट. रोज. उन्हात उभा राहीन. भिंतीवर कोपर टेकून मी पलीकडे बघतो तर तुमच्या परसातली कोथिंबीर पिवळी पडत चाललीय. एकट्याला किती लागते, तरी लावायचात, आणि वर सुमीकडे मागायचात. पाणी मी घालतो. पण मागायला कुणी नसलं की कुठलीच कोथिंबीर उगवल्यासारखी वाटत नाही.

काल तुमचं तेरावं झालं. तुमच्या बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकली होती. तुमच्या कारखान्यातले एक निवृत्त अधिकारी बोलायला उभे राहिले. तुम्हाला आवडलं असतं, अगदी नोटिशीच्या भाषेत बोलत होते. सगळे खाली माना घालून बसलेले. सुमी बायकांमधे, भिंतीला टेकून, दिवसभर एक शब्द न बोललेली. ते म्हणाले, अण्णांनी आयुष्यात कुणाशी वैर धरलं नाही. ते म्हणाले, अण्णा शांत मनानं गेले. मग आवाज खाली आणून, डोळे मिटून म्हणाले, “त्यांचे सर्व वाद आज मिटले.”

आणि त्या शांततेत, सगळ्यांसमोर, सुमी ताडकन उठली:

“मिटले कुणी सांगितलं? बोलवा त्याला, मला अजून भांडायचंय!”